पितृपक्षातली हुमणी

आमच्या सोसायटीत गवत नाही, लॉन आहे. चेअरमनसाहेबांसमोर कोणी चुकून गवत म्हटलं तर ते 'लॉन, लॉन' अशी दुरुस्ती करतात. दोन बिल्डिंगच्या मधल्या जागेत लग्नाची एक पंगत जेमतेम बसेल एवढा हिरवा तुकडा, भोवती चुना मारलेल्या विटांची कड आणि कोपऱ्यात मराठी-इंग्रजी पाटी: 'लॉनवर चालू नये'. मुलांनी खेळू नये, बायकांनी बसू नये, कुत्र्यांनी फिरकू नये. मग ते आहे तरी कशासाठी, असं मी एकदा सभेत विचारलं होतं. 'त्यानं व्हॅल्यू वाढते,' असं उत्तर मिळालं. कोणाची, ते विचारायचं मी टाळलं.

मला त्या लॉनशी काही देणंघेणं नव्हतं. पण आमच्या यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि सगळं बदललं. बोलणं परत आलं, हात परत आला, डावा पाय ओढत का होईना चालायला लागला, पण त्या पायाच्या तळव्याला काही कळेना. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी हे पुढे चालत जायचे. एकदा फुटलेल्या कपाचा तुकडा रुतला. फरशीवरचे रक्ताचे ठसे बघून ते मला कळलं, यांना नाहीच. फिजिओथेरपीला येणारी मुलगी म्हणाली, रोज सकाळी गवतावर अनवाणी चालवा, तळव्याला काहीतरी टोचू दे, गार लागू दे, कधीतरी डोक्यापर्यंत खबर जाईल. जितका उशीर होईल तितकी आशा कमी, हेही तिनं सांगून टाकलं. ती निघून गेल्यावर हे बराच वेळ स्वतःच्या पायाकडे बघत बसले होते. उभा जन्म रबाळ्याच्या कारखान्यात लोखंड घासून मापात आणण्यात गेलेला माणूस. एक सूत इकडचं तिकडे झालेलं त्यांच्या बोटांना कळायचं आणि आता स्वतःचा पाय फरशीवर आहे की हवेत, ते बघून ठरवावं लागत होतं.

म्हणून मी चेअरमनसाहेबांकडे परवानगी मागायला गेले. त्यांनी ती दिली, पण देताना सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केली: एका ज्येष्ठ सभासदांना माणुसकीच्या नात्यानं सकाळी लॉनवर चालण्याची विशेष सवलत. खाली पन्नासेक हात जोडलेले. आपल्याच पैशाच्या गवतावर चालायला माणुसकी लागते हे मला त्या दिवशी समजलं. रोज सकाळी यांना खाली न्यायचे, चपला काढायचे आणि विचारायचे, लागतंय का काही? हे म्हणायचे, नाही. माझं मन राखायला म्हणून सुद्धा ते कधी हो म्हणाले नाहीत.

उन्हाळ्यात चेअरमनसाहेब कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना देशी गाय घेऊन आले. प्रत्यक्षात नाही, डोक्यात. महाप्याच्या कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसून रिटायर झालेला माणूस. गाय त्यांनी सिग्नलला रस्ता अडवून बसलेलीच काय ती पाहिलेली. पण आठ दिवसांत ते शेणावर तासतासभर बोलायला लागले. आमचं लॉन आता केमिकलवर जगणार नाही, शेणावर जगणार, असं ठरलं. कुठल्या तरी तबेल्यातून टेम्पो आला. टेम्पोला हार घातला, नारळ फोडला, फोटो निघाले आणि ओलं, वाफाळतं, त्याच सकाळचं शेण लॉनवर पसरण्यात आलं. पहिल्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. चेअरमनसाहेब मात्र नाक वर करून मोठे श्वास घेत होते.

मी कृष्णाकाठची, उसाच्या पट्ट्यातली. शेण खड्ड्यात वर्षभर कुजून त्याची काळी, भुसभुशीत, बिनवासाची माती झाली की मगच त्याला खत म्हणायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. ताजं शेण शेतात टाकलं की हुमणी आलीच. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी. जमिनीत राहते आणि मुळं खाते. वरून हिरवागार दिसणारा ऊस हातानं नुसता ओढला की उपटून यायचा आणि वडील तो तसाच हातात धरून बांधावर बसून राहायचे, ते मला अजून आठवतं. मी हे सगळं चेअरमनसाहेबांना नीट सांगितलं. त्यांनी मोबाइलमध्ये बघितलं आणि म्हणाले, ही उसावर पडते, आपल्याकडे ऊस कुठे आहे? उंटावरचा शहाणा ऐकून माहीत होता, आता शेजारी राहतोय.

वळवाचे दोन पाऊस झाले आणि दिवेलागणीला भुंगेरे निघाले. तपकिरी, नखाएवढे. जमिनीतून वर यायचं, कडुनिंबावर बसून पाला खायचा आणि मग मऊ शेणकट माती बघून अंडी घालायची, एवढाच त्यांचा उद्योग. आमच्या गेटजवळ कडुनिंब, खाली मऊ शेणकट माती आणि शेजारी पार्किंगमधल्या क्रिकेटसाठी लावलेले मोठाले दिवे. भुंगेऱ्यांसाठी याहून चांगली सोय सरकारनंही केली नसती. गावाकडे या दिवसांत झाड हलवतात, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकतात. तेवढं केलं तरी पुढचं अर्धं संकट टळतं. मी तसं सुचवलं तर चेअरमनसाहेब म्हणाले, निसर्ग आहे, जगू द्या त्यांनाही. मग कोणीतरी दिव्याभोवती घोंघावणाऱ्या भुंगेऱ्यांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला आणि लोकांनी त्यालाही हात जोडले.

श्रावणात लॉनवर पिवळे डाग दिसायला लागले. पहिल्यांदा कुत्र्यांवर आळ आला. मग पाणी कमी पडतं म्हणून पाइप रात्रंदिवस सोडून ठेवला. मग पाणी जास्त झालं म्हणून बंद केला. कोणाच्या तरी सासूबाईंनी दृष्ट लागली असं सांगितलं म्हणून पाटीच्या खांबाला लिंबू-मिरची बांधली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. शेवटी कमिटीनं पाहणी केली आणि त्यांना असं आढळलं की सगळ्यात मोठा डाग नेमका त्या जागी आहे जिथे रोज सकाळी एक माणूस पाय ओढत चालतो.

ग्रुपवर संदेश आला. सततच्या घर्षणामुळे लॉनचं नुकसान होत असल्यानं विशेष सवलत मागे घेण्यात येत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण संन्याशाच्या बायकोला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. मी तणतणत खाली निघाले होते. यांनी मला दारात थांबवलं.

"ते बरोबर बोलतायत," हे म्हणाले. "माझा पाय घासतो. मलाच कळत नाही किती जोरात घासतो ते."

मला त्या कमिटीचा जेवढा राग आला नव्हता तेवढा या वाक्यानं आला. एवढ्या मोठ्या आजारपणात या माणसानं कधी कोणाकडे सहानुभूती मागितली नव्हती आणि आता तो चार गवताच्या काड्यांचा गुन्हा अंगावर घेऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला काढून ठेवल्या तर यांनी पाय पोटाशी घेतले आणि पेपर उघडला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी घरातच डाळ-तांदूळ ताटात पसरून त्यावर पाय ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवला, माझ्या समाधानासाठी, आणि टीव्ही बघत राहिले. दिवस फुकट चालले होते आणि ते परत येणारे नव्हते.

गणपतीत मंडप लॉनवरच घातला. पिवळ्या डागांवर लाल गालिचा पडला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गणपती गेले, मंडप सुटला आणि खालून जे निघालं त्याला लॉन म्हणण्याची हिंमत चेअरमनसाहेबांनाही झाली नाही. मी भर दुपारी खुरपं घेऊन गेले. खुरप्याची गरजच पडली नाही. गवताची कड धरून उचलली तर सतरंजी गुंडाळावी तसं गवत हातात आलं. खाली मूळ म्हणून नाही. आणि मातीत, वीतभर जागेत, मुठीनं गोळा कराव्यात इतक्या हुमण्या. पांढऱ्या, लठ्ठ, तपकिरी डोक्याच्या, तोंड शेपटीला टेकवून वाकड्या पडलेल्या. आमच्या यांचा पाय जिथे कधीच पडला नव्हता त्या पार पलीकडच्या कोपऱ्यातही उचलून बघितलं. तिथेही त्याच. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात थोड्या भरल्या आणि संध्याकाळी कमिटीच्या बैठकीत नेऊन टेबलावर ठेवल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला, अशा समजुतीत मी होते.

चेअरमनसाहेबांनी डब्यात डोकावलं आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, गांडुळं. बघा, म्हणजे शेणाचा परिणाम झालाय, जमीन सुपीक झाली. त्यांनी डब्याचा फोटोसुद्धा काढला.

मला हसावं की तो डबा त्यांच्या खिशात ओतावा, कळेना. आमचे सेक्रेटरी इथल्याच करावे गावातले. त्यांच्या वाडवडिलांची शेती सिडकोत गेली. आता दोन इमारतींचं भाडं खातात आणि बैठकीत सहसा चहा येईपर्यंतच जागे असतात. त्यांनी डबा ओढून घेतला, एक हुमणी चिमटीत धरून उजेडात उलटी केली.

"सायेब, गांडुलाला पाय कुठं असतान?" ते म्हणाले. "हिला सहा हायत."

सगळ्यांनी आलटून पालटून पाय मोजले. सहाच भरले. शिकलीसवरलेली माणसं एका अळीचे पाय मोजतायत आणि मोजून झाल्यावर एकमेकांकडे बघतायत, असं दृश्य मी पुन्हा बघेन असं वाटत नाही. पण चेअरमनसाहेब हार मानणारे नव्हते. ते म्हणाले, ठीक आहे, मातीत किडे असतील तर मातीच नको. प्लास्टिकचं लॉन घालू. पाणी नको, खत नको, बारा महिने हिरवं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या माणसानं देशी गायीसाठी नारळ फोडला होता, त्याला प्लास्टिकवर यायला एक चहा पुरला. दुपारच्या उन्हात ते प्लास्टिक किती तापतं आणि ज्याच्या तळव्याला कळत नाही त्याचं त्यावर काय होईल, हे मी बोलले. उत्तर तयार होतं: त्यावरही कोणी चालायचं नाहीच आहे.

वाचवलं ते पितृपक्षानं. दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागत होता आणि पितरांच्या पंधरवड्यात नवीन वस्तू आणायची नसते. प्लास्टिकचं झालं तरी नवीनच. म्हणून ऑर्डर घटस्थापनेनंतर द्यायची असं ठरलं. मी सेक्रेटरींना गाठलं आणि म्हटलं, तोवर ते गवत मेलेलंच आहे, मी खणते. ते म्हणाले, "खना मावशी, कोन बघतंय."

मग मी काम काढलं. मेलेलं गवत गुंडाळून बाजूला केलं, माती खालीवर केली. पनवेलच्या कृषी सेवा केंद्रातून मेटारायझियम आणलं. ती एक बुरशी असते, हुमणीच्या अंगावर वाढते आणि तिला संपवते, माणसाला काही करत नाही. ती चांगल्या कुजलेल्या खतात कालवून, माती ओली असताना, ऊन उतरल्यावर पसरायची. बुरशी काम करते पण सावकाश. झटपट काम करणारे दुसरेच निघाले. उकरलेल्या मातीवर पहिल्या सकाळी साळुंक्या आल्या, मग खाडीकडचे बगळे आणि त्यानंतर कावळे. सेक्टरभरातले कावळे. एकेक हुमणी उपसून गिळायचे, पुन्हा चार पावलं टाकायचे, पुन्हा चोच घालायचे. मी गॅलरीत उभी राहून त्यांच्याकडे बघायचे आणि कमिटीनं वर्षभरात केलेलं एखादं तरी काम इतकं चोख झालंय का ते आठवायचे.

याचा परिणाम कोणाच्या लक्षात आला नव्हता. पितृपक्ष म्हणजे कावळ्यांचा सुगीचा काळ. घराघरात खीर, वडे, भाज्या करून पान वाढतात, ते गच्चीत किंवा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत घरात कोणी जेवत नाही. त्या वर्षी आमच्या भिंतीवर पानं वाळायला लागली. कावळे होते, डोळ्यांसमोर होते, पण लॉनवर. खिरीकडे बघतसुद्धा नव्हते. ए विंगमधल्यांचे पितर नाराज, बी विंगमधल्यांचेही नाराज. जिन्यात लोक हळू आवाजात बोलायला लागले.

मग चेअरमनसाहेबांच्या वडिलांची तिथी आली. पान भिंतीवर ठेवून ते हात जोडून उभे, मागे बायको, मुलगा, सून, आणि भूक लागल्यामुळे एकेक करून जमलेलं बाकीचं खानदान. वास्तविक मागे राहिलेली इच्छा बोलून दाखवायची ती दहाव्याला. पण बराच वेळ झाला, कावळा येईना, तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली. बाबा, गावचं देऊळ रंगवून घेतो. कावळा नाही. बाबा, धाकट्याशी बोलणं सुरू करतो. कावळा नाही. समोर लॉनवर काळे ठिपकेच ठिपके, आणि त्यातला एक, भिंतीपासून हाताच्या अंतरावर, चोचीत वळवळणारी हुमणी धरून चेअरमनसाहेबांकडे बघत होता.

मी खुरपं घेऊन तिथेच होते. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं.

"त्या लॉनवरची पाटी काढतो म्हणा," मी म्हटलं. "माती ठेवतो, गवत ठेवतो, माणसांना चालू देतो म्हणा."

चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांच्या वडिलांचा खून केला आहे. पण सूनबाईंच्या कडेवरचं बाळ भोकाड पसरायला लागलं होतं, आतून कढीचा वास येत होता. गेटपाशी उभे असलेले सेक्रेटरी म्हणाले, "बोलून टाका सायेब. पितरांपुढं कसली कमिटी."

त्यांनी बोलून टाकलं. शब्द न् शब्द, हात जोडून, सगळ्यांदेखत. कावळा शिवला नाहीच. त्याचं पोट गच्च भरलं होतं, देव आला असता तरी तो उठला नसता. शेवटी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला आणि मंडळी जेवायला गेली. पण वडिलांना दिलेला शब्द परत घेता येत नाही. त्याच संध्याकाळी पाटी निघाली. प्लास्टिकचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. ग्रुपवर मात्र संदेश आला की कमिटीच्या जैविक उपक्रमामुळे लॉनवरील किडीवर यशस्वी नियंत्रण मिळवण्यात येत आहे. मी त्याला हात जोडले. तेवढं मलाही जमतं.

घरी येऊन मी यांच्यापुढे त्या मेलेल्या गवताचा तुकडा टाकला. उलटा करून दाखवला. मुळं कुरतडलेली होती. घासलेली नव्हती. यांनी चष्मा लावला, बोटानं चाचपलं, उजेडात धरलं. कारखान्यात खराब माल परत पाठवताना जसं तोंड करायचे तसं तोंड केलं.

"हे पायानं होत नाही," ते म्हणाले. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत हे चपला काढून दारात बसले होते.

गवत नव्हतं. नुसती उकरलेली, भुसभुशीत माती. मी त्यांना कडेच्या खुर्चीवर बसवलं, पाय मातीत ठेवले आणि पलीकडे वाकून गुंडाळून ठेवलेलं मेलेलं गवत आवरायला लागले. विचारायचं मी बंद केलं होतं. नाही, नाही ऐकून माझ्यातही काहीतरी बधिर झालं होतं, हे खरं आहे.

"अगं," हे मागून म्हणाले. "पायाखाली काहीतरी वळवळतंय."

मी म्हटलं, उजव्या का?

"डाव्या."

मी गुडघ्यावर बसले. त्यांचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला. खाली मातीत एक लठ्ठ हुमणी होती. कावळ्यांच्या आणि बुरशीच्या तावडीतून सुटलेली, वाकडी होऊन पाय झाडत होती. इतके दिवस मी दिसेल ती हुमणी चिरडत आले होते. माझ्या बापाचा ऊस हिच्याच जातीनं खाल्ला होता. माझा हात आपोआप खुरप्याकडे गेला.

"मारू नको," हे म्हणाले. "नुसतं वाटलं असेल. परत बघू. मी डोळे मिटतो. तू कधी ठेव, कधी ठेवू नको. मी सांगतो."

त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मी तळवा नुसत्या मातीवर टेकवला. ते थांबले, म्हणाले, "नाही." मला दिसेनासं झालं होतं. पदरानं डोळे पुसले, ती हुमणी चिमटीत धरली, तिला कुठे लागणार नाही इतक्या हलक्या हातानं त्यांच्या तळव्याखाली ठेवली आणि वाट बघत बसले.

"आता आहे," ते म्हणाले.